दातावरचा पांढरा डाग आणि फ्लोराइड : पहिल्यांदाच समजून घेणाऱ्यांसाठी

दातात काळे भोक दिसले की दात किडायला लागला, अशी आपली समजूत असते. वास्तविक भोक पडेपर्यंत किडीने बरीच मजल मारलेली असते. त्याआधी कित्येक महिने, कधीकधी दोन-तीन वर्षेही, ती खडूसारख्या निस्तेज पांढऱ्या डागाच्या रूपात दातावर असते. हा डाग दुखत नाही, त्याला थंड-गरम लागत नाही, आणि म्हणून कोणी त्याच्याकडे पाहतही नाही. मात्र तो जोवर नुसता डाग आहे तोवर त्याला थांबवता येते, पुष्कळदा मागेही फिरवता येते. आणि त्यासाठीचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे दातांवर बाहेरून लावायचे फ्लोराइड. टूथपेस्ट, चूळ भरण्याचे द्रावण, जेल, व्हार्निश ही त्याचीच रूपे. त्यांपैकी कोणते कोणासाठी, किती आणि कसे वापरायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी थोडे दाताविषयी

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. आपण साखर असलेले काहीही खाल्ले-प्यायले की दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. तेथील पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ आम्ल शमवते आणि लाळेतलेच कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात जाऊन बसते. ही देवघेव दिवसातून अनेकदा होते. जमेपेक्षा खर्च सतत जास्त होऊ लागला, तरच पृष्ठभागाखालचा थर सच्छिद्र होतो आणि पांढरा डाग दिसू लागतो.

फ्लोराइड या हिशेबात दोन्ही बाजूंनी मदत करते. आम्ल तयार होत असताना दाताच्या पृष्ठभागाशी ते अगदी थोड्या प्रमाणात जरी हजर असले, तरी खनिज विरघळण्याचा वेग कमी होतो. आम्ल ओसरल्यावर खनिज परत बसण्याचा वेग वाढतो. आणि फ्लोराइडच्या संगतीने बसलेले खनिज मूळच्यापेक्षा चिवट असते. असे खनिज विरघळवायला पीएच ४.५ च्या आसपास खाली जावा लागतो. फ्लोराइड पोटात गेले की ते वाढत्या दातांत मुरते आणि त्यांना मजबूत करते, असे पूर्वी मानले जात असे. दात उगवल्यानंतर पृष्ठभागावर जे घडते तेच मुख्य, हे नंतर स्पष्ट झाले. या लेखातील बहुतेक सूचनांचे कारण एवढेच आहे : फ्लोराइड थोडे असावे, रोज असावे आणि दातावर जास्तीत जास्त वेळ टिकावे. ते गिळून काही मिळत नाही.

येथे एक आडवाट घेतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला रुग्णांच्या दातांवर विचित्र तपकिरी डाग दिसत होते. पण तेच दात किडत मात्र कमी होते. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड हे त्या डागांचे कारण असल्याचे १९३१ मध्ये उघड झाले. फ्लोराइडचा गुण आणि त्याच्या अतिरेकाचा दोष हे दोन्ही एकाच गावातील लोकांच्या दातांवर एकाच वेळी दिसले, ही गोष्ट प्रमाणाचा विचार करताना आठवणीत असावी.

पायरी पहिली : डाग शोधणे

दात घासून घ्यावेत, खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली बसावे, बोटाने ओठ वर उचलावा आणि स्वच्छ कापसाने एकेक दात टिपून कोरडा करावा. हे कोरडे करणे टाळू नये. किडीच्या सुरुवातीला इनॅमलमध्ये जी सूक्ष्म छिद्रे पडतात, ती लाळेने भरलेली असली की डाग झाकला जातो. ती कोरडी होऊन त्यांत हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि तोच भाग पांढरा दिसू लागतो. त्यामुळे ओल्या दातावर न दिसणारा आणि कोरडा केल्यावरच उमटणारा डाग उथळ समजावा. ओल्या दातावरही दिसणारा डाग अधिक खोल असतो.

लहान मुलांत वरच्या समोरच्या दातांवर हिरडीला लागून असलेली पांढरी रेघ ही नेहमीची सुरुवात असते. दातांना तारा लावलेल्यांनी तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या प्रत्येक चौकटीच्या (ब्रॅकेटच्या) भोवती पाहावे. तेथे डाग उमटायला महिनाभरसुद्धा पुरतो. मोठ्या माणसांनी दाढांची गालाकडची बाजू आणि हिरड्या मागे सरकून उघडी पडलेली मुळे पाहावीत.

नुसते दिसणे पुरेसे नाही, डाग कसा आहे हेही पाहावे लागते. निस्तेज, किंचित खरखरीत आणि हिरडीलगत चिकट थराखाली दडलेला डाग बहुधा जागा असतो, म्हणजे किडीचे काम तेथे चालू असते. गुळगुळीत व चमकदार डाग बहुधा थांबलेला असतो. मात्र टाचणी, सुई किंवा दात कोरण्याची काडी घेऊन डाग टोचून पाहू नये. डागावर अजून शाबूत पापुद्रा असतो आणि खनिज गेलेले असते ते त्याच्या खाली. तो पापुद्रा फुटला की ज्या भागात खनिज परत बसायचे तोच भाग ढासळतो. जाणते दंतवैद्यही आता टोकदार सळई रुतवून तपासणी करीत नाहीत.

प्रत्येक पांढरा डाग किडीचाच असतो असेही नाही. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्याच दिसणाऱ्या फिकट रेषा किंवा हिरडीपासून दूर, दाताच्या मध्यावर असलेला ठळक कडांचा ठिपका हा दात घडताना राहिलेला दोष असू शकतो. दोन दातांच्या फटीतली कीड तर घरी दिसतच नाही. ती दंतवैद्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रातच दिसते.

पायरी दुसरी : टूथपेस्ट नीट निवडणे आणि नीट वापरणे

लोक व्हार्निश, जेल, महागडी द्रावणे यांची चौकशी आधी करतात आणि टूथपेस्टकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. दिवसातून दोनदा, आयुष्यभर, दातांपर्यंत पोहोचणारे फ्लोराइड ते हेच.

वेष्टनावर पीपीएम हा आकडा शोधावा. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. दुकानात मिळणाऱ्या पेस्टमध्ये तो साधारण १००० ते १५०० असतो आणि तेवढा असायलाही हवा. त्याहून कमी फ्लोराइड असलेल्या, मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टचा कीड रोखण्यासाठी कितपत उपयोग होतो, याविषयीचा पुरावा तोकडा आहे. काही वेष्टनांवर पीपीएमऐवजी टक्केवारी असते आणि तेथे नवखा माणूस हमखास फसतो. ०.७६ टक्के सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड यांत पहिला आकडा तिपटीहून मोठा दिसतो, पण दोन्हींत फ्लोराइड सुमारे १००० पीपीएमच असते. ०.३२ टक्के सोडियम फ्लोराइड म्हणजे सुमारे १४५० पीपीएम. घासण्यासाठी खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी घातलेल्या पेस्टमध्ये साधे सोडियम फ्लोराइड चालत नाही, कारण ते कॅल्शियमशी बांधले जाऊन निकामी होते. म्हणून अशा पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसते. त्या वापरायच्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण त्यांच्यापासून या लेखातील फायद्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रमाण वयानुसार ठेवावे. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. ती साधारण ०.१ ग्रॅम भरते आणि मुलाने ती सगळी गिळली तरी पोटात सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट काढलेली दिसते, तिची मोठ्यांनाही गरज नसते. साधारण सात वर्षांचे होईपर्यंत मुलांच्या ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच घालावी आणि घासूनही मोठ्यांनीच द्यावे. मूल स्वतः घासायचा हट्ट धरत असेल तर आधी त्याला घासू द्यावे आणि नंतर आपण एक हात फिरवावा.

रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधीही चुकवू नये. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दाताचे संरक्षण घटते. पण त्याच कारणाने रात्री लावलेले फ्लोराइड लवकर धुतलेही जात नाही. दोन मिनिटे घासून झाले की फेस थुंकून टाकावा आणि भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरणे टाळावे. लहानपणापासून अंगवळणी पडलेली ही चूळ सोडणे बहुतेकांना जड जाते; तोंडात पेस्टची चव राहते आणि घासणे अर्धवट राहिल्यासारखे वाटते. मलाही दोन आठवडे लागले. परंतु दोन मिनिटे लावलेले फ्लोराइड त्या एका चुळीबरोबर बरेचसे वाहून जाते. फारच अवघड वाटत असेल तर घोटभर पाणी एकदाच फिरवून थुंकावे. पेस्टनंतर लगेच सुगंधी माउथवॉश वापरण्याची सवय असेल तर तीही मोडावी, कारण त्यातले फ्लोराइड, असलेच तर, पेस्टपेक्षा बरेच कमी असते.

पायरी तिसरी : आपल्याला याहून अधिक हवे का, ते ठरवणे

सगळ्यांना अधिकाची गरज नसते. गेल्या दोन-तीन वर्षांत नवी कीड लागलेली असणे, दातांना तारा असणे, औषधांमुळे किंवा आजारामुळे तोंड कोरडे राहणे, मुळे उघडी पडणे, दिवसभर काहीतरी गोड तोंडात टाकत राहणे आणि लहान मुलाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे, यांपैकी एखादी गोष्ट लागू असेल तर दंतवैद्याशी बोलावे.

सहा वर्षांवरील आणि नीट थुंकता येणाऱ्या मुलांना, तसेच मोठ्यांना, ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाने रोज एक मिनिट चूळ भरण्यास सांगितले जाते. ही चूळ घासण्याच्या वेळेला जोडू नये; दुपारी किंवा शाळेतून आल्यावर अशी स्वतंत्र वेळ ठेवली तर दाताला दिवसातून तिसऱ्यांदा फ्लोराइड मिळते. ज्यांची मुळे किडू लागली आहेत अशा प्रौढांसाठी ५००० पीपीएमची पेस्ट असते. मुळांवर इनॅमल नसते आणि तेथील थर इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळू लागतो, म्हणून तेथे अधिक तीव्र पेस्ट लागते. ही पेस्ट दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. डोके व मान यांवर किरणोपचार झालेल्या रुग्णांची लाळ इतकी कमी होते की त्यांना दातांच्या मापाचे साचे करून त्यांतून रोज फ्लोराइड जेल लावावे लागते.

पायरी चौथी : दवाखान्यातील व्हार्निश

व्हार्निश म्हणजे नैसर्गिक राळेसारख्या चिकट द्रवात मिसळलेले ५ टक्के सोडियम फ्लोराइड. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते. हा आकडा ऐकून पालक दचकतात. परंतु लहान मुलाच्या सगळ्या दातांसाठी पाव मिलिलिटर व्हार्निश पुरते, म्हणजे एकूण फ्लोराइड सहा मिलिग्रॅमच्या आतच राहते, आणि तेही दाताला चिकटलेल्या थरातून हळूहळू सुटते. त्यामुळेच सहा वर्षांखालील मुलांसाठी दवाखान्यात लावायच्या फ्लोराइडांपैकी व्हार्निशच निवडतात.

लावायला दोन-तीन मिनिटे लागतात. अगदी लहान मुलाला पालकाच्या मांडीवर, डोके दंतवैद्याच्या गुडघ्यांवर येईल असे निजवतात. गॉजने एका बाजूचे दात पुसले जातात, छोट्या कुंचल्याने पातळ थर दिला जातो आणि लाळ लागताच तो घट्ट होतो. सुई नाही, यंत्राचा आवाज नाही. मूल रडते ते अनोळखी हात तोंडात आल्यामुळे. आणि तोंड उघडे राहिल्याने कामाला त्याची मदतच होते. नंतर दात पिवळसर दिसतात आणि जिभेला खरखरीत लागतात. दुसऱ्या दिवशी घासल्यावर ते जाते. त्या दिवशी कडक, चिकट आणि फार गरम पदार्थ टाळावेत, दात दुसऱ्या दिवशी सकाळी घासावेत. मुलाने घरी येताच दात घासून ‘पिवळेपण’ घालवले, तर दवाखान्याची फेरी वाया गेली असे समजावे.

एकदा लावून काम भागत नाही. साधारणपणे दर सहा महिन्यांनी आणि कीड वेगाने पसरत असेल तर दर तीन महिन्यांनी व्हार्निश लावतात. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन पाहणीत व्हार्निशमुळे कायमच्या दातांतील किडीत सरासरी ४३ टक्के आणि दुधाच्या दातांत ३७ टक्के घट आढळली होती. राळेची ॲलर्जी असलेल्यांना आणि हिरड्यांवर उघड्या जखमा असलेल्यांना ते लावू नये; ही माहिती दंतवैद्याने विचारली नाही तरी आपण होऊन सांगावी.

जेलचा उल्लेख थोडक्यात करतो. १.२३ टक्क्यांचे आम्लयुक्त जेल साच्यांत भरून चार मिनिटे दातांवर ठेवतात आणि त्यानंतर अर्धा तास काही खाता-पिता येत नाही. ते सहा वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण ती ते गिळतात. दातांवर पोर्सिलेनच्या टोप्या किंवा दाताच्या रंगाचे भरण असेल तर आम्लाने त्यांची झिलई जाऊ शकते, तेव्हा आम्लरहित जेल मागावे. एका मिनिटात काम उरकते असे कोणी सांगितले तर चार मिनिटांचाच आग्रह धरावा.

भोक पडले असेल तर

फ्लोराइडने भोक बुजत नाही. पृष्ठभाग फुटला की तेथे अन्न आणि जिवाणू अडकतात, ब्रश पोहोचत नाही, आणि बहुतेकदा भरण लागते. याला एक अपवाद आहे. ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड उघड्या भोकातील कीडही थांबवू शकते. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आजीआजोबा खुर्चीत बसून भरण करून घेऊ शकत नाहीत, अशा वेळी ते फार उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. मुलाच्या समोरच्या दातावर ते लावण्यापूर्वी आधी-नंतरची छायाचित्रे दाखवण्यास सांगावे आणि मगच संमती द्यावी. ओठाला किंवा त्वचेला लागलेला डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही. चांदीची ॲलर्जी असल्यास हा उपाय नाही.

दाढांच्या वरच्या चिरांविषयीही एक मर्यादा सांगायला हवी. तेथे फ्लोराइडचा परिणाम गुळगुळीत बाजूंपेक्षा कमी होतो. म्हणून कायमची दाढ उगवल्यावर तिच्या खोल चिरा सीलंटने, म्हणजे दंतवैद्य लावतात त्या पातळ संरक्षक लेपाने, बुजवून घेणे चांगले.

किती झाले म्हणजे जास्त

दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, रोज जास्त फ्लोराइड गिळले गेले तर कायमच्या दातांवर पांढऱ्या रेषा किंवा चट्टे उमटतात. समोरच्या दातांना हा धोका पहिल्या तीन वर्षांत अधिक असतो. पिण्याच्या पाण्यात आधीच भरपूर फ्लोराइड असेल तर ही गोष्ट दंतवैद्याला सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तांदळाच्या दाण्याचा आणि वाटाण्याचा नियम याच कारणाने काटेकोरपणे पाळायचा असतो.

एकाच वेळी खूप गिळले जाण्याचा प्रश्न वेगळा. शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेले तर तातडीने उपचार लागतात. दहा किलोच्या मुलासाठी हे प्रमाण ५० मिलिग्रॅम होते, म्हणजे १००० पीपीएमची ५० ग्रॅम पेस्ट. बोटावर पेस्ट घेऊन चाटल्याने एवढे होत नाही, फार तर पोट बिघडते. परंतु चवदार पेस्टची अर्धी नळी रिकामी सापडली तर उलटी करवत बसू नये. मुलाला दूध पाजावे, कारण दुधातील कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते, आणि नळी बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

पायरी पाचवी : वाट पाहणे आणि मोजत राहणे

खनिज परत बसायला महिने लागतात. पहिल्या दिवशी त्याच दिव्याखाली, दात कोरडा करून छायाचित्र काढावे आणि दर तीन महिन्यांनी तसेच पुन्हा काढावे. दरम्यान गोड खाण्याच्या वेळा कमी कराव्यात. येथे एकूण साखरेइतकीच ती किती वेळा खाल्ली हीही बाब महत्त्वाची असते : जेवणाबरोबर एकदाच खाल्लेल्या गोडाने दातावर आम्लाचा एक हल्ला होतो, तर तेच गोड दिवसभर थोडे थोडे चघळले तर लाळेला सावरायला फुरसतच मिळत नाही, आणि अशा तोंडात कितीही चांगले फ्लोराइड कमी पडते.

डाग पूर्ण नाहीसा होईलच असे नाही. वरचा थर आधी भरून निघतो आणि खालची पोकळी तशीच राहू शकते, त्यामुळे पांढरेपण व्रणासारखे उरते. खरखरीत होता तो गुळगुळीत झाला, निस्तेज होता तो चमकू लागला, त्याची कड पसरली नाही, तर उपचार लागू पडला असे समजावे. दिसण्याचीच अडचण असेल तर त्या डागात पातळ रेझिन (घट्ट होणारा प्लॅस्टिकसारखा द्रव) मुरवून तो दाताच्या रंगात मिसळवण्याचा उपाय दंतवैद्याकडे असतो. उलट डाग मोठा होत असेल, त्यात खड्डा जाणवत असेल, थंड लागू लागले असेल किंवा क्ष-किरण चित्रात सावली इनॅमलच्या पलीकडे खोल गेली असेल, तर वाट पाहणे थांबवावे.

मोठ्या माणसांच्या दाढांवर कधीकधी तपकिरी, टणक, चकचकीत डाग आढळतो. तो बहुधा पूर्वीच थांबलेल्या किडीचा असतो. वर्षानुवर्षे चहा-कॉफीचा रंग त्यात मुरलेला असतो. ‘हा कोरायचा नाही, पुढच्या वेळी पुन्हा पाहू’ असे दंतवैद्य म्हणाले, तर ती त्यांची चालढकल नाही. त्यांना डागाची नोंद करून ठेवायला सांगावे आणि पुढची तारीख घेऊनच उठावे.